चार तास पन्नास मिनिटे

"मावशी, जरा हा फोन तुम्ही घेता का? हे आजोबा माझं काही ऐकूनच घेत नाहीयेत."

फोनवालीने रिसीव्हर तिच्यापुढे धरला. सोमवारचे दहा वीस झाले होते. बिल्डमावशीने पिशवी नुकतीच खुर्चीला अडकवली होती आणि तिच्या संगणकाचा पडदा अजून उजळायचा होता.

"हॅलो? हॅलो? अहो, कोणी आहे का तिकडे?" पलीकडचा माणूस ओरडत होता.

"बोला ना, ऐकतेय मी. काय झालं?"

"हॅलो?... कोणीच बोलत नाही," तो बाजूच्या कोणाला तरी म्हणाला. "फोन बिघडलाय बहुतेक."

खडखड झाली आणि एका बाईचा आवाज आला. सून असावी. "बाबांना ऐकू येत नाहीये हो. सकाळपासून कानात ते तुमचं ॲप लावून बसले होते. एकदम किंचाळले. मी दारात उभी होते, मला तिथपर्यंत ऐकू आला तो आवाज. आता अगदी कानाशी जाऊन बोललं तरी नुसतं तोंडाकडे बघतात."

"किती वाजता झालं हे?"

"आत्ताच. दहाला दहा कमी असतील."

"आणि लावलं कधी होतं?"

"पाचला. ते पाचला उठतात, उठले की पहिलं तेच."

मावशीने त्यांना ताबडतोब डॉक्टरकडे जायला सांगितले, नाव-नंबर लिहून घेतला आणि रिसीव्हर खाली ठेवला. तोवर पडदा उजळला होता. शनिवारी घरी निघताना तिने चाचणीच्या फोनवर आठ तासांची चाचणी लावून ठेवली होती. तसे कोणी सांगितले नव्हते. सही करून झाली होती, नवी आवृत्ती बाहेर पडली होती. पण मनाला चैन नव्हते म्हणून लावली होती. पडद्यावर तिचा आलेख आला. डावीकडून एक सपाट रेघ निघाली होती आणि निम्म्याच्या जरा पुढे ती भिंतीसारखी सरळ वर गेली होती. मावशीने बाण त्या भिंतीच्या पायथ्याशी नेला. खाली आकडा उमटला. चार तास पन्नास मिनिटे.

पाचपासून दहाला दहा कमीपर्यंत तिने मनात मोजले. तेवढेच.

कंपनी लहान होती, सात माणसांची. ज्यांच्या कानात दिवसभर शिट्टी किंवा गुणगुण वाजत राहते, अशा लोकांसाठी ती एक ॲप बनवत असे. इयरफोन लावायचे आणि ॲप सोडत असलेला मंद, सायीसारखा आवाज ऐकत आपापली कामे करायची. त्या आवाजाखाली शिट्टी झाकली जाई. आवाज मुळात हलका, त्यामुळे लोक फोनचा आवाज बराच वर चढवून ठेवत.

त्यात मावशीचे काम कोणाला चटकन सांगता येण्यासारखे नव्हते. प्रोग्राम लिहिणारे वेगळे होते. लिहिलेला प्रोग्राम प्रत्येक जातीच्या प्रोसेसरसाठी बांधून, तपासून बाहेर सोडायचा, हे तिचे काम. याला ते लोक बिल्ड म्हणत आणि म्हणून ती बिल्डमावशी. बावीस वर्षे ती हेच करत आली होती, आधी दुसऱ्या एका कंपनीत आणि मग इथे. तपासायची तिची पद्धत साधी होती. जुन्या प्रोसेसरवरचा आवाज आणि नव्यावरचा आवाज एकमेकांतून वजा करायचे. दोन्ही सारखे असतील तर काहीच उरत नाही. काहीच उरले नाही की ती सही करी. घरी तिची थोरली बहीण, ताई, शेजारणींना सांगे, "आमच्या धाकटीला काहीच न उरण्याचा पगार मिळतो."

पण अगदी काहीच न उरणे कधीच होत नसे. दशांशचिन्हाच्या पुढचे आकडे संपत नाहीत आणि प्रोसेसरला ते कुठेतरी तोडावेच लागतात. जुना प्रोसेसर एकेक गणित करी, पण लांब आकडा धरून करी. नवीन फोनमधला प्रोसेसर आखूड आकडे घेऊन चार-चार गणिते एका झटक्यात उरकी. त्याने बॅटरी वाचे. प्रोग्राम लिहिणारा दाढीवाला म्हणाला होता, "मावशी, वेगवान गणिताचा पर्याय चालू करा. आठव्या-नवव्या आकड्यातला फरक कोणाच्या बापाला ऐकू येणार आहे?" आणि त्याचे खरेच होते. ऐकू येण्यासारखा तो फरक नव्हता. मावशीने पर्याय चालू केला होता.

फक्त या ॲपमध्ये प्रत्येक आकडा आधीच्या आकड्यावरून काढला जाई, सेकंदाला अठ्ठेचाळीस हजार वेळा. तोडलेला तुकडा पुढच्यात मिसळे, तो त्याच्या पुढच्यात. त्यातून कानाला न कळणारा एक संथ हेलकावा तयार होत होता, आणि तो हळूहळू वाढत होता. दहा मिनिटांत काही दिसत नव्हते. तासाभरात काही दिसत नव्हते. चार तास पन्नास मिनिटांनी तो कमाल मर्यादेला जाऊन धडकला होता आणि मग फोन देऊ शकेल तेवढा सगळा आवाज एकदम बाहेर पडला होता.

पूर्वी ती प्रत्येक वेळी आठ तासांची चाचणी घेई. या खेपेला घाई होती म्हणून दहा मिनिटांची घ्यायची ठरली. ठरवले मालकाने, पण "चालेल" हा शब्द तिच्या तोंडचा होता.

आणि आज सकाळी साडेसहाला, ती वेणी घालत असताना, ताई आतून म्हणाली होती, "तुझं ते नवं आलंय वाटतं गं. चिन्ह निळं झालंय."

"चांगलं चालतंय का?"

"आत्ता तर लावतेय. कळेल."

त्या वेळी मावशीने घड्याळाकडे पाहिले होते, कारण नळाचे पाणी पावणेसातला जाई. सहा पस्तीस. तिने आता टेबलावरच्या कागदावर बेरीज केली. एवढीशी बेरीज कागदावर करायची गरज नव्हती, पण डोके चालत नव्हते. अकरा पंचवीस.

तिने ताईला फोन लावला. वाजत राहिला. ॲप चालू असताना मध्येच घंटी वाजली की ताई दचकते, म्हणून घंटी बंद करून ठेवायला मावशीनेच शिकवले होते. पुन्हा लावला. संदेश पाठवला: कानातलं काढ, आत्ता. त्याखाली वाचल्याची खूण उमटली नाही. ताई दुपारच्या जेवणापर्यंत फोनला हात लावत नसे. खिडकीपाशी शब्दकोडी सोडवत बसे. एकतीस वर्षे टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून तिने लोकांचे कॉल जोडले होते. उजवा कान लहानपणीच्या तापात गेला होता, डाव्यात निवृत्तीनंतर शिट्टी सुरू झाली. जे काही ऐकणे होते ते त्या डाव्या कानाचे होते.

खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी फोन उचलला. "अगं, मी बाजारात आलेय. अर्धा-पाऊण तास लागेल. का गं, काय झालं?"

"काही नाही," मावशी म्हणाली. मग म्हणाली, "वहिनी, जमेल तितक्या लवकर जा. ताईला कानातलं काढायला सांगा." आणि वहिनींचे "म्हणजे?" ऐकायच्या आत तिने फोन ठेवला.

दहा पस्तीस झाले होते. इथून घर टॅक्सीने पंचवीस मिनिटे. आत्ता उठले तर अकराला पोचता येत होते.

फोनवालीचे दोन्ही फोन एकदम वाजले. तिने एक उचलला, ऐकले आणि मावशीकडे बघितले. तिचा चेहरा उतरला होता. "अजून एक," ती ओठांनीच म्हणाली.

नवा प्रोसेसर असलेले फोन अकराशे चाळीस होते, ताईचा त्यांतलाच एक. शनिवारी सोडलेली नवी आवृत्ती सगळ्यांवर काल रात्री बसली होती आणि सगळ्यांचा आज पहिलाच दिवस होता. ॲप सर्वांकडे एकदम बंद करायची एक सोय होती. ॲप दर अर्ध्या तासाला, घड्याळाच्या ठोक्याला, कंपनीच्या सर्व्हरला विचारी: चालू राहू ना? तिथे 'नाही' असे लिहून ठेवले की बंद. पण ते लिहायला दोन किल्ल्या लागत, म्हणजे दोघांचे दोन पासवर्ड. आधी मालकाचा, लगेच त्यामागून मावशीचा. अकराच्या आत लिहिले तर अकराच्या ठोक्याला सगळी ॲप बंद पडणार होती. ताईचेही.

ती उठली आणि मीटिंगच्या खोलीकडे गेली.

मालक तिच्याहून पंधरा वर्षांनी लहान होता. माणूस वाईट नव्हता. स्वतःच्या वडिलांच्या कानातल्या शिट्टीपायी त्याने हे ॲप काढले होते. आत एका रुग्णालयाचे तीन डॉक्टर बसले होते. ते हे ॲप आपल्या रुग्णांना द्यायचे की नाही, ते ठरवायला आले होते. मावशीने काचेवर टकटक केली तसा तो बाहेर आला आणि दार मागे ओढून घेतले.

"सर, ॲप बंद करायला लागेल. सगळ्यांचं. आत्ताच्या आत्ता."

"हळू बोला. बंद म्हणजे?"

तिने सांगितले. त्याने ऐकून घेतले, पण त्याचे डोळे काचेपलीकडे होते.

"दोन तक्रारी आहेत ना? इयरफोन खराब असतील."

"माझ्या चाचणीतही तेच आलंय. तीच वेळ. मिनिटाचा फरक नाही."

"शनिवारी पास झाली होती की तुमची चाचणी. तुमची सही आहे."

"आहे. दहा मिनिटांची होती ती."

त्याने मनगटावरचे घड्याळ पाहिले. मग म्हणाला, "दहा मिनिटं द्या मला. ह्यांना वाटेला लावतो आणि येतो. ह्यांच्यासमोर ॲप बंद पडलं तर संपलंच सगळं."

"अकराच्या आत हवंय, सर. अकरा वाजून एक मिनिटानं केलं तर साडेअकरापर्यंत काही उपयोग नाही."

"येतो म्हटलं ना, मावशी."

दार बंद झाले. दहा त्रेचाळीस.

ती काचेबाहेर उभी राहिली. आत्ता निघाले तर अकरा आठला घरी. जिना चढायला दोन मिनिटे. पण ती गेली तर तिची किल्ली कोण फिरवणार? पासवर्ड दाढीवाल्याला सांगितला असता, पण दुसऱ्या जागेवरून दुसऱ्या कोणी घातला की सर्व्हर तो चोवीस तास गोठवून टाकी. तो नियम तिनेच घालून घेतला होता. बाकीचे तिघे दुसऱ्या गावांहून काम करत. फोनवालीला घराची चावी देऊन पाठवावे तर लोकांना 'काढा, आधी कानातून काढा' असे सांगायला तिच्याशिवाय कोणी नव्हते. दाढीवाला सर्व्हर उघडून बसला होता, त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि तो एकसारखा म्हणत होता, "मला वाटलंच नव्हतं हो. मावशी, मला खरंच वाटलं नव्हतं."

"अकराच्या आत होईल," ती त्याला म्हणाली. खरे तर ती स्वतःलाच म्हणाली.

दहा एकावन्नला तिने दार ढकलले. न टकटकता, न विचारता. मालक पडद्यावरची आकृती दाखवत होता. टेबलापाशी बसलेल्या पांढऱ्या केसांच्या डॉक्टरीणबाईंच्या एका कानात कंपनीचा इयरफोन होता.

"माफ करा," मावशी म्हणाली. "तो कानातला काढा. ॲपमध्ये दोष आहे. चार तास पन्नास मिनिटांनी त्यातून प्रचंड आवाज येतो. दोन माणसांना आज सकाळी इजा झालीय."

डॉक्टरीणबाईंनी इयरफोन काढला, त्याकडे बघितले आणि टेबलावर ठेवला. "मग तुम्ही इथं काय करताय?" त्यांनी मालकाला विचारले. "जा की."

तो धावला. त्याचे श्रेय त्याला द्यायला हवे, तो खरेच धावला. पण वर्षभरात त्याने ती किल्ली एकदाही वापरली नव्हती. पासवर्ड चुकला. दुसऱ्यांदा चुकला. नवा घ्यायचा तर त्याच्या फोनवर आकडे येणार होते आणि ते आकडे येईनात. मावशी त्याच्या खांद्यामागे उभी होती. पडद्याच्या कोपऱ्यातले घड्याळ दहा अठ्ठावन्न दाखवत होते, मग एकोणसाठ. मालकाच्या मानेवर घाम आला होता. तो एकसारखे फोनला "ये ना, ये ना रे बाबा," म्हणत होता. एकोणसाठचे अकरा झाले. कुठेही काही वाजले नाही. फक्त आकडा बदलला.

आकडे अकरा वाजून तीन मिनिटांनी आले. त्याने किल्ली फिरवली, तिने फिरवली. पडद्यावर लिहून आले: पुढील तपासणी, अकरा तीस.

"झालं," दाढीवाला म्हणाला आणि त्याने तोंड झाकून घेतले.

मावशीने पिशवी घेतली नाही. ती तशीच खाली उतरली आणि टॅक्सीत बसली.

चालक बोलका होता. रस्ता खणून ठेवल्याबद्दल तो काहीतरी सांगत होता आणि मावशी "हो, हो" करत होती. ती सारखी फोन लावत होती. अकरा दहा. अकरा पंधरा. सिग्नलला एक बाई लहान मुलीचा हात धरून सावकाश रस्ता ओलांडत होती. मावशीला त्या बाईचा विलक्षण राग आला. अकरा बावीसला वहिनींचा फोन आला. "पोचतेच आहे गं, कोपऱ्यावर आहे. झालंय तरी काय?"

"पळा," मावशी म्हणाली. "वहिनी, पळा."

वहिनी पासष्ट वर्षांच्या, गुडघे दुखणाऱ्या. मावशीला ते ठाऊक होते. तरी ती म्हणाली.

अकरा पंचवीस झाले तेव्हा टॅक्सी शाळेच्या भिंतीशेजारी अडकली होती. भिंतीपलीकडे मुले मोठमोठ्याने पाढे म्हणत होती. तिने फोन उलटा करून मांडीवर ठेवला आणि डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांपुढे ती उभी रेघ होती.

घराचे दार उघडे होते. वहिनी उंबऱ्याशी धापा टाकत उभ्या होत्या आणि नुसती मान हलवत होत्या. आत ताई खिडकीपाशीच बसली होती, नेहमीच्या खुर्चीत. इयरफोन जमिनीवर दूर जाऊन पडले होते. डावा तळहात तिने कानावर घट्ट दाबून धरला होता आणि कोड्याचे पान ओले दिसत होते. पेला सांडला होता.

"ताई."

ताई खिडकीबाहेर बघत राहिली.

"ताई!"

मावशीने खांद्यावर हात ठेवला तशी ती दचकली, वळली आणि तिच्याकडे बघून कसनुसे हसली. "तू? इतक्या लवकर?" ती मोठ्याने म्हणाली, फार मोठ्याने. "अगं, त्या तुझ्या नव्यात काहीतरी बिघाड आहे. ऑफिसात सांग बाई. कोणाला लागेल."

त्या आठवड्यात घरात एक वही आली. ताई तोंडाने बोले, मावशी लिहून दाखवी. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या, थोडे परत येईल म्हणाले होते, किती ते सांगत नव्हते. पाचला उठणाऱ्या आजोबांचे बरेचसे परत आले, असे त्यांच्या सुनेने कळवले. रुग्णालयाने अर्थातच ॲप घेतले नाही. मालकाने लोकांना पाठवायच्या पत्रात 'तांत्रिक अडचण' असे लिहिले होते. मावशीने ते खोडून लिहिले की आठ तासांची चाचणी दहा मिनिटांवर आणली गेली आणि तिच्यावर सही करणारी व्यक्ती मी आहे. मालकाने ते वाचले, बराच वेळ कागद हातात धरला आणि मग स्वतःचेही नाव खाली घातले.

गुरुवारी जेवताना ताईने विचारले, "तुला कधी कळलं गं?"

मावशीने हात धुतले, वही ओढली आणि लिहिले: साडेदहाला.

ताईने ते वाचले. "इथं यायला पंचवीस मिनिटं लागतात," ती म्हणाली.

अकराच्या आत बंद होईल असं वाटलं होतं, मावशीने लिहिले. मग ते वाक्य तिला फार लहान वाटले.

"किती जणांचं वाचलं?"

६१२.

"सहाशे बारा," ताई मोठ्याने म्हणाली. "बरीच माणसं आहेत." तिने वही पालथी घातली आणि जेवू लागली. मावशीचे ताट तसेच होते. ताईने तिच्या ताटाकडे पाहिले आणि आमटीचे भांडे तिच्याकडे सरकवले.

तीन आठवड्यांनी कानाची तपासणी होती. एक लहानशी खोली, तिच्या आत काचेची आणखी लहान खोली. ताईला आत बसवले, कानाला मोठे हेडफोन लावले आणि हातात एक बटण दिले. आवाज ऐकू आला की दाबायचे. एक्स्चेंजच्या सवयीने ताई पाठ ताठ करून, जरा पुढे झुकून बसली आणि तिने डोळे मिटले. मावशी बाहेर तपासणाऱ्या मुलीच्या मागे उभी राहिली. मुलगी एकेक कळ फिरवत होती. काचेबाहेर काहीच ऐकू येत नव्हते. सुरुवातीला ताईचा अंगठा दोनदा दाबला गेला. मग थांबला. मुलीने कळ आणखी फिरवली, कागदावर खूण केली, पुन्हा फिरवली. पुष्कळ वेळ गेला. ताईच्या कपाळावर लक्ष देऊन ऐकणाऱ्या माणसाची बारीक आठी होती.

शेवटी मुलीने यंत्र बंद केले, पेनला टोपण लावले आणि कागद फाडून घेतला. आत ताई तशीच बसली होती, डोळे मिटून, अंगठा बटणावर तयार ठेवून.